मळीत मुरलेली मशीनगन

गंज काढायचा एक जुना उपाय आहे. एक भाग उसाची मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचं पिंप आणि पोतंभर सबुरी. गंजलेलं लोखंड त्यात बुडवायचं आणि दोन-तीन आठवडे तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. मळी गंजाला हळूहळू सोडवून घेते, आतल्या चांगल्या लोखंडाच्या वाटेला फारशी जात नाही. ॲल्युमिनियम मात्र चुकूनही टाकायचं नाही, ते खाल्लं जातं. खर्च नगण्य, मेहनत जवळपास शून्य. प्रश्न उरतो तो वासाचा. चार-पाच दिवसांत मिश्रण आंबायला लागतं. साखर कारखान्याच्या वाऱ्याखाली ज्याचं बालपण गेलं त्याला या वासाची ओळख करून द्यायला नको. पण इंग्लंडातल्या एखाद्या नीटस गल्लीत, गुलाबाच्या वाफ्याशेजारच्या शेडमधून हा दरवळ सुटला की शेजाऱ्याला एकच शंका येते : साहेबांनी हातभट्टी लावली. त्याची समजूत घालणंही कठीण, कारण खरं उत्तर हातभट्टीहून वाईट आहे. पिंपात मुरत असतात ते १९४० सालच्या, विमानावरच्या मशीनगनचे भाग.

जुन्या लढाऊ विमानांच्या बंदुका जमवणारी आणि त्यांचा जीर्णोद्धार करणारी ही जमात इंग्लंड-अमेरिकेत विशेष फोफावलेली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात वाडा परवडत नाही म्हणून वाड्याच्या दाराची पितळी कडी घासाघीस करून घेणारे लोक दिसतात, हे त्यांचेच मावसभाऊ. आख्खं स्पिटफायर विमान घ्यायचं तर हँगर लागतो, यंत्रज्ञ लागतात आणि वडिलोपार्जित तेलविहीर असली तर बरं पडतं. त्यापेक्षा स्पिटफायरच्या पंखातली एक ब्राउनिंग मशीनगन घ्यावी. तीही मोडकी. मग गॅरेजमधली गाडी कायमची रस्त्यावर येते आणि गॅरेजात दहा किलोचं एक गंजकं लोखंड पाहुणा म्हणून राहायला येतं. पाहुणा जायचं नाव घेत नाही.

आता थोडा हिशेब. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये अशा आठ बंदुका असत आणि प्रत्येकीला साधारण ३०० काडतुसं. वेग मिनिटाला ११५० गोळ्यांच्या आसपास. भागाकार शाळेतला आहे : चाप दाबून धरला तर जेमतेम सोळा सेकंदांत सगळा मामला खलास. मंगलाष्टकाचं एक कडवं ‘सावधान’पर्यंत पोचायच्या आत विमान नि:शस्त्र. या सोळा सेकंदांसाठी जन्माला आलेल्या यंत्रामागे एखादा निवृत्त इंजिनिअर दहा-दहा वर्षं घालवतो, आणि एवढं करून ते यंत्र एकही गोळी झाडत नाही. झाडू दिलं जात नाही, कायदा आडवा येतो. त्याबद्दल पुढे.

पण गंमत अशी, की त्या सोळा सेकंदांतसुद्धा ती धड चालेल याची खात्री कुणाला नव्हती. तिच्या इतिहासातली बरीचशी पानं अडकण्याने, गोठण्याने आणि रुसण्याने भरलेली आहेत.

सुरुवातच बघा. विमानाच्या नाकावर बंदूक लावली की तिच्यासमोर स्वतःचाच पंखा फिरत असतो. १९१५ मध्ये रोलाँ गॅरोस या फ्रेंच वैमानिकाने यावर रांगडा तोडगा काढला. पंख्याच्या पात्यांवर पोलादी पाचरी बसवल्या. गोळी पात्यावर आदळलीच तर पाचरीवरून घसरून जाईल. कुठे जाईल, तो तिचा प्रश्न. एप्रिलमधले दोन-तीन आठवडे हा प्रकार चाललाही. मग १८ एप्रिलला गॅरोस जर्मन हद्दीत खाली आला आणि विमान, पाचरी, मालक सगळं जर्मनांच्या हाती सापडलं. फॉकर कंपनीच्या लोकांनी पुढे पातं समोर असताना गोळी सुटूच नये अशी साखळी जमवली. गॅरोसचं नाव आज घराघरात आहे, पण ते पॅरिसच्या टेनिस स्टेडियममुळे. तिथे दरवर्षी लाल मातीवर घसरणाऱ्या खेळाडूंपैकी किती जणांना पाचरीवरून घसरणाऱ्या गोळ्यांची कथा ठाऊक असेल, कोण जाणे.

त्या काळातली व्हिकर्स बंदूक अडकायला इतकी तत्पर होती, की वैमानिक सोबत छोटी हातोडी ठेवत. आकाशात शत्रू मागे लागलेला, एका हातात विमानाचा दांडा आणि दुसऱ्या हाताने बंदुकीवर ठाकठोक. आपल्याकडे जुन्या टीव्हीला चापट मारून चित्र आणत, तोच शास्त्रशुद्ध मार्ग.

लुईस बंदुकीचं दुखणं वेगळं. तिच्या डोक्यावर काडतुसांचा गोल डबा बसायचा; आधी ४७ गोळ्यांचा, पुढे ९७चा. डबा संपला की हाताने काढायचा आणि नवा बसवायचा. १० मे १९१५ रोजी लुई स्ट्रेंज नावाचा इंग्रज वैमानिक मार्टिनसाइड विमानातून एका जर्मन विमानाच्या मागे लागला होता. बंदूक वरच्या पंखाजवळ. डबा रिकामा झाला आणि निघेना. पट्टा सैल करून, दांडा गुडघ्यांत धरून, स्ट्रेंजसाहेब चालत्या विमानात उभे राहिले आणि दोन्ही हातांनी डब्याशी झोंबू लागले. विमानाने तेवढ्यात कूस बदलली आणि उलटं झालं. स्ट्रेंज बाहेर. हातात काय, तर तोच न निघणारा डबा. खाली काही हजार फूट मोकळी हवा.

दोन क्षणांपूर्वी ज्या डब्याला तो शिव्या घालत होता, तो आता आणखी घट्ट बसलेला असावा म्हणून त्याचा धावा चालू झाला. लोंबकळत त्याने कशीतरी पंखाची दांडी पकडली, पाय झाडत झाडत कॉकपिटमध्ये घातले, दांड्याला लाथ बसली आणि विमान सुलटं झालं. स्ट्रेंज धाडकन आत कोसळला, बैठक मोडली, समोरची घड्याळं फुटली. तरी तो तळावर उतरला, आणि वरिष्ठांनी त्याला बोलावून घेतलं. शाबासकीसाठी नव्हे. सरकारी विमानाच्या बैठकीचं आणि उपकरणांचं विनाकारण नुकसान केल्याबद्दल कानउघाडणी करायला. जगातली कार्यालयं एकमेकांपासून किती दूर असली तरी त्यांचं रक्त एकच असतं, याचा एवढा सज्जड पुरावा दुसरा नाही. लुईस बंदुकीच्या संग्राहकाला डबा चढवताना-उतरवताना पाहिलं, तर तो एका हाताने टेबलाची कड धरून असतो. ही त्या घटनेला दिलेली मानवंदना की नुसती सवय, हे तो सांगत नाही.

स्पिटफायरच्या बंदुकांनी नवं नाटक काढलं : थंडी. १९३७ मध्ये पहिल्या नमुन्याच्या विमानावर चाचण्या चालू असताना फार उंचीवर बंदुका गोठून बसल्या. चाप दाबला तरी ढिम्म. वैमानिक हिरमुसून खाली आला, चाकं जमिनीला टेकली, त्या हिसक्याने अडकलेले बोल्ट मोकळे झाले आणि काही बंदुकांनी एकेक गोळी फेलिक्स्टो या समुद्रकाठच्या गावाच्या दिशेने सोडून दिली. शत्रूसमोर मुक्या, गाववाल्यांसमोर बोलक्या. पुढे इंजिनाच्या रेडिएटरमागची गरम हवा नळीने पंखात फिरवून त्यांना शेक देण्याची सोय झाली. शिवाय नळ्यांच्या तोंडावर लाल कापडाच्या चिकट्या लावू लागले, म्हणजे ओल आणि कचरा आत जायला नको. पहिली गोळी ती चिकटी फोडूनच बाहेर पडायची. परतणाऱ्या विमानाच्या उघड्या भोकांतून वाऱ्याची शीळ ऐकू आली, की तळावरचे लोक ओळखत : आज काम झालंय.

या तळावरच्या लोकांना, म्हणजे बंदुका साफ करून काडतुसांचे पट्टे भरणाऱ्या कारागिरांना, ब्रिटिश हवाई दलात टोपणनाव होतं ‘प्लंबर’. नाव ठेवणारा मोठा जाणकार असावा. तुंबलेलं मोकळं करणं, गळणारं आवळणं आणि रात्री-अपरात्री बोलावणं येणं, यांत फरक कसला?

सगळ्यात मोठा रुसवा मात्र २० मिलिमीटरच्या हिस्पानो तोफेचा. आठ ब्राउनिंगपेक्षा दोन हिस्पानो भारी, म्हणून १९४० च्या उन्हाळ्यात १९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला अशी स्पिटफायर दिली. स्पिटफायरचा पंख पातळ. उभी तोफ मावेना. मग आडवी घातली. कुशीवर निजवलेली तोफ दर चार-दोन गोळ्यांनी अडकू लागली. ऐन लढाईत, समोर जर्मन बॉम्बफेकी विमान आणि हातात महागडं, अत्याधुनिक, ठप्प झालेलं शस्त्र. शेवटी सप्टेंबरमध्ये स्क्वाड्रनने जुन्या आठ बंदुकांची विमानं परत मागितली, आणि मिळाली ती शिकाऊ वैमानिकांनी वापरून झिजवलेली. तरी मंडळी खूश. नवा मिक्सर परत देऊन आजीचा पाटा-वरवंटा घरी आणल्यावर जो आनंद होतो, तो असा.

न अडकणारी बंदूक मिळाली की सगळं ठीक होतं, असंही नाही. २१ सप्टेंबर १९५६ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडच्या किनाऱ्याजवळ टॉम ॲट्रिज हा चाचणी वैमानिक ग्रुमन टायगर हे नवंकोरं जेट घेऊन निघाला. खाली सूर मारत त्याने तोफा झाडल्या. तोफा चोख चालल्या. मग त्याने सूर आणखी तीव्र केला, वेग वाढवला, आणि हवेत मंदावलेल्या स्वतःच्याच गोळ्यांना खाली जाऊन गाठलं. समोरची काच गेली, इंजिन गेलं, विमान धावपट्टीच्या अलीकडे झाडीत आपटलं. ॲट्रिजची हाडं मोडली, जीव वाचला. स्वतःचं विमान स्वतःच पाडल्याचा मान बंदूक न अडकल्यामुळे मिळाला.

हा सगळा पूर्वेतिहास मुखोद्गत असल्यामुळे संग्राहकाला बंदुकीचा राग येत नाही. उलट ती अडकली की त्याला घराण्याची लक्षणं दिसतात. अमेरिकन बंदूक हाती आली तर आधी कॉस्मोलिन काढावं लागतं. हे लष्करी गंजरोधक मेण. गोदामात दशकानुदशकं राहून ते गुळाच्या ढेपेसारखं घट्ट होतं. ते वितळवायला ऊब लागते. कुणी भाग काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेवतो, तर कुणी, घरात एकटा असताना, स्वयंपाकघरातला ओव्हन लावतो. नंतर कित्येक महिने त्या घरातल्या केकला पेट्रोलपंपाचा वास येतो आणि केकबद्दल कुणी काही बोलत नाही.

मग जोडणी. ब्राउनिंगची नळी बोल्टाला टेकेपर्यंत आवळायची आणि नंतर ‘टक’, ‘टक’ असे आवाज मोजत सैल करायची. कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशा. एक टक कमी झाली तर बंदूक चालणार नाही, जास्त झाली तर काडतूस आतच फुटायची भीती. आता ही बंदूक कधी चालणारच नाही, तिच्यात काडतूस जाणारच नाही. तरी माणूस श्वास रोखून टक मोजतो, मध्येच फोन वाजतो, आकडा विसरतो, पुन्हा पहिल्यापासून. त्याचं म्हणणं, चालवायची नसली म्हणून चुकीची जोडायची का? या प्रश्नाला उत्तर नाही. घरातल्यांनी शोधून पाहिलं आहे.

एखादी खूण सापडली की मात्र मंडळी हरखून जातात, कारण या बंदुकांची वंशावळ भलतीच रंजक आहे. स्पिटफायरच्या बहुतेक ब्राउनिंग बनवल्या बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने. होय, तीच, जिच्या नावाची सायकल आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी दामटली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या, ही तिची निशाणी. अमेरिकेत मोठ्या ०.५० इंची ब्राउनिंग बनवणाऱ्यांत फ्रिजिडेअर होती. म्हणजे एका कारखान्याने घरोघरी बर्फ पोचवला आणि युद्धात तापून लाल होणाऱ्या नळ्या. हिस्पानो-सुइझा कंपनी श्रीमंतांच्या मोटारींसाठी प्रसिद्ध. आणि मॉस्किटो विमानावर जी ५७ मिलिमीटरची अगडबंब तोफ बसवली, तिच्यात आपोआप गोळे भरण्याचं यंत्र केलं मोलिन्स कंपनीने, जिचा मूळ धंदा सिगारेटी वळणारी यंत्रं बनवण्याचा. एकामागून एक, सरळ, भराभर, न वाकवता. तत्त्व तेच.

काडतुसांचे शौकीन निराळे. ते बुडावरची अक्षरं भिंगातून वाचतात. ०.३०३ च्या एखाद्या जुन्या पितळी काडतुसावर ‘के एफ’ दिसलं, की अमेरिकेतल्या खेड्यातला म्हातारा डोळे मिटून सांगतो : किर्की. म्हणजे आपली खडकी. १८६९ पासूनचा तिथला दारूगोळा कारखाना पुणेकरांना पीएमपीच्या बसमधून जाताना एक लांबलचक भिंत म्हणून माहीत असतो. त्या भिंतीपलीकडची अक्षरं सातासमुद्रापार भिंगाखाली ठेवून कुणी संध्याकाळ घालवतो, हे बसमध्ये सांगितलं तर कुणी सरकूनही बसणार नाही. स्पिटफायरशी मराठी राज्याचा धागाही तसाच आडवळणाचा आहे : ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला ‘बडोदा’ हे नाव पडलं ते गायकवाडांनी दिलेल्या देणगीमुळे.

आता कायदा. इथे विनोद करायची गरजच पडत नाही.

अमेरिकेत १९३४ च्या कायद्याप्रमाणे मशीनगनवर २०० डॉलरचा कर आहे. तेव्हा तो जवळपास नव्या टॉमीगनच्या किमतीएवढा होता, आणि आकडा अजून तोच. पण १९ मे १९८६ नंतर खासगी लोकांसाठी नवी नोंदणीच बंद झाली. म्हणजे आधी नोंदलेल्या मशीनगना तेवढ्याच. त्या हिरे-माणकांच्या भावाने फिरतात. प्रश्न पडतो, ‘मशीनगन’ म्हणजे नेमकं काय? नळी? नाही. बोल्ट? नाही. ब्राउनिंगच्या बाबतीत कायद्याचं बोट ठेवलेलं आहे ते उजव्या बाजूच्या पोलादी पत्र्यावर. तो सपाट पत्रा म्हणजे बंदूक. बाकीचं सगळं, नळीपासून चापापर्यंत, नुसता हार्डवेअरचा माल. तो पेटीत भरून उघड विकला जातो. पत्रा मात्र सरकारी नियमाप्रमाणे गॅसकटरने तुकडे होऊन भंगारात जातो. मग संग्राहक एक बनावट, ठोकळ्यासारखा निरुपद्रवी पत्रा घडवतो आणि त्याला उरलेली बंदूक रिव्हेटने ठोकतो. आत्मा नसलेला देह. पण नंबर जुळतात, आणि या पंथात नंबर जुळणं हे पत्रिका जुळण्याहून महत्त्वाचं.

इंग्लंडात उलटी गंगा. तिथे १९८८ च्या कायद्यानंतर चालू बंदूक रीतसर निकामी करून घ्यायची पद्धत रूढ झाली. नळीला चीर पाडतात, बोल्टाचं तोंड तिरकं कापतात, हवं तिथे वेल्डिंग ठोकतात. मग लंडन किंवा बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस ती तपासून शिक्का मारतं : पुरेशी बिघडली आहे. दुरुस्तीचं प्रमाणपत्र जगात सगळीकडे मिळतं. पैसे मोजून बिघाडाचं प्रमाणपत्र आणणारे हे एवढेच. त्यातही प्रतवारी आहे. १९९५ मध्ये नियम कडक झाले, त्यामुळे आधी बिघडवलेल्या बंदुकांचा बोल्ट मागे-पुढे सरकतो, नंतरच्यांचा नाही. जुन्या काळातला बिघाड कसा दर्जेदार असायचा, यावर मंडळी रात्र-रात्र बोलू शकतात. आणि शेतात पुरलेलं पडकं विमान उकरायचं म्हटलं तर १९८६ चा युद्धावशेष संरक्षणाचा कायदा आहे. आधी परवाना, मग फावडं.

एवढ्याने भागलं नाही म्हणून सिनेमावाले आडवे येतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी शस्त्रं हवी होती आणि खिसा तंग होता, मग खऱ्या जुन्या बंदुकांना चार नळकांडी चिकटवून अंतराळात पाठवलं. आपली डबेवाली लुईस बंदूक तिथे डब्याविना एका पांढऱ्या शिपायाच्या हातात आहे. हान सोलोच्या पिस्तुलाच्या टोकाला जो शंकू दिसतो, तो जर्मन एमजी ८१ या विमानी मशीनगनचा. तेव्हापासून एमजी ८१ चा तो सुटा शंकू लिलावात आला, की एका बाजूला जर्मन विमानांचा पंचाहत्तरीतला अभ्यासक आणि दुसऱ्या बाजूला अंतराळवीराचा झगा शिवून घेतलेला पंचविशीतला पोरगा. दोघांनाही समोरचा माणूस वेडा आहे याबद्दल तिळमात्र शंका नसते. शंकू बहुधा पोरगा नेतो.

ज्यांना हा सगळा उद्योग रिकामटेकडा वाटतो, त्यांच्यासाठी अमेरिकन लष्कराची एक गोष्ट. १९४६ मध्ये जेट विमानांसाठी फार वेगवान तोफ हवी होती. डोकी खाजवून झाल्यावर कुणाला तरी रिचर्ड गॅटलिंगच्या एकोणिसाव्या शतकातल्या, हॅण्डल फिरवून चालवायच्या अनेकनळी बंदुकीची आठवण झाली. एका संग्रहालयातली जुनी गॅटलिंग उसनी आणली, हॅण्डलच्या जागी विजेची मोटर जोडली आणि सुरू केली. काही क्षण तिने मिनिटाला ५००० गोळ्यांचा वेग गाठला. त्यातून पुढे सहा नळ्यांची व्हल्कन तोफ निघाली, जी आजही विमानांवर आहे. कुणीतरी धूळ झटकून, तेल घालून ती म्हातारी जपली होती म्हणून.

अर्थात लष्करांनाही मधूनमधून झटका येतो की आता बंदुकीचा जमाना संपला, यापुढे फक्त क्षेपणास्त्रं. अमेरिकेने फँटम विमान बंदुकीशिवाय काढलं आणि व्हिएतनाममध्ये पस्तावून नंतर बसवली. रशियाच्या मिग-२१ चंही तेच. आपल्या नाशिकजवळ ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. त्यातल्या एफएल प्रकारात आत बंदूकच नव्हती. १९७१ च्या युद्धात दोन नळ्यांची २३ मिलिमीटरची तोफ पोटाखाली डब्यात टांगून काम भागवलं. त्या तोफेची युक्ती पुन्हा जुनीच : एका नळीच्या धक्क्याने दुसरी भरायची, हे कार्ल गास्ट या जर्मनाने पहिल्या महायुद्धातच करून ठेवलेलं. ब्रिटिशांनी तर कमाल केली. टायफून जेटमधली २७ मिलिमीटरची तोफ खर्च वाचवायला वापरायचीच नाही असं २००० मध्ये ठरवलं. काढून टाकली तर विमानाचा तोल जाणार, म्हणून वजन म्हणून तशीच ठेवली, गोळ्यांविना. २००६ मध्ये निर्णय फिरवला. मधली काही वर्षं ती जगातली सर्वांत महागडी वजनं होती. मंडईतल्या कुठल्याही भाजीवालीने दगडात काम केलं असतं.

आणि शेवटी आयर्लंडची एक बंदूक. या पंथाची ती पंढरी.

३० नोव्हेंबर १९४१. रोलँड वुल्फ हा अमेरिकेतल्या नेब्रास्काचा वैमानिक ब्रिटिशांच्या बाजूने स्पिटफायर उडवत होता. विमानावर नाव होतं कॅनडाच्या एका बिस्किटसम्राटाचं, गारफिल्ड वेस्टन, कारण पैसे त्याचे. इंजिन तापलं, वुल्फने छत्री घेऊन उडी मारली आणि विमान डोनेगलच्या दलदलीत नाकावर घुसलं. आयर्लंड तटस्थ, म्हणून वुल्फची रवानगी ‘करा’ या ठिकाणच्या नजरकैदेच्या छावणीत. छावणी अशी, की परत येण्याच्या वचनावर सही केली की संध्याकाळी फिरायला जाता येई. १३ डिसेंबरला वुल्फ सही करून बाहेर पडला, हातमोजे विसरल्याचं निमित्त करून आत आला आणि पुन्हा निघाला, या वेळी सहीविना. मग डब्लिन, तिथून रेल्वेने बेलफास्ट, आणि आपल्या तळावर हजर. सुटका झाली म्हणून तळावर पेढे वाटले गेले असतील, असं वाटत असेल तर थांबा. वरिष्ठांनी त्याला परत छावणीत पाठवलं. वचन ते वचन. हातमोज्यांचा युक्तिवाद चालला नाही.

विमान मात्र तिथेच राहिलं. जून २०११ मध्ये त्या दलदलीतून ते उकरलं तेव्हा आठांपैकी सहा ब्राउनिंग सापडल्या. त्या चिखलात हवा शिरत नाही, त्यामुळे गंजाला सत्तर वर्षं उपास घडला होता. आयरिश सैन्याच्या शस्त्रशाळेतल्या लोकांनी त्या धुतल्या, वाकलेलं सरळ केलं, सगळ्यांतले उत्तम भाग जुळवून एक बंदूक उभी केली. काडतुसं अर्थातच नवी. चाप ओढला आणि ती चालली. धडधडत, न अडकता. जी आकाशात गोठायची, जमिनीवर आपटल्यावर भलतीकडेच गोळी सोडायची, ती सत्तर वर्षं चिखलात झोपून उठल्यावर शहाण्यासारखी वागली.

तो व्हिडिओ आपल्या पिंपवाल्याने किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. एकविसाव्या दिवशी सकाळी तो रबरी हातमोजे चढवून शेडमध्ये गेला. झाकण उघडताच आधी गांधीलमाश्या बाहेर आल्या, मग वास. शेजारची खिडकी बंद झाली. त्याने हात कोपरापर्यंत घातला आणि एकेक भाग बाहेर काढून नळाखाली धरला. काळपट चिकटा गेला आणि खाली राखाडी, कोरं लोखंड निघालं. पत्र्यावर बीएसएच्या त्या तीन टेकलेल्या बंदुका स्पष्ट दिसल्या, नंबरातले सगळे आकडे वाचता आले, एक तर त्याला सहा वाटत होता तो आठ निघाला. बोल्ट अंगठ्याने ढकलला तर सरकला. तो सगळं टॉवेलवर रांगेत मांडत होता, अंघोळीच्या टॉवेलवर, आणि मोजत होता. एक कमी पडला. पुन्हा हात घातला. तळाशी चाचपल्यावर बोटांना लागली ती एक छोटी पट्टी. एवढीशी, मूठभरही नाही. गंजाच्या थराखाली ती कशाची आहे हे टाकताना पाहायचं राहिलं होतं. त्याने ती उजेडाकडे धरली. ॲल्युमिनियम. आरपार खिडकी दिसत होती, आणि खिडकीत शेजारी.